मदतपेटीची किल्ली

कुठे भूकंप झाला, नदीने काठ सोडला किंवा वादळाने किनारा धुऊन नेला, की दोन-तीन दिवसांत छोट्या व्यवसायांच्या दारांवर पाट्या दिसू लागतात. ‘आजची सगळी कमाई आपद्‌ग्रस्तांसाठी.’ ‘प्रत्येक खरेदीतला काही भाग मदतनिधीला.’ गल्ल्याशेजारी झाकणाला फट पाडलेली एक पेटी येऊन बसते. पाठोपाठ वाद सुरू होतो, आणि तो दर वेळी त्याच वाटेने जातो. एक बाजू म्हणते, ही निव्वळ जाहिरात आहे. लोकांच्या दुःखावर धंदा वाढवायचा, आवळा देऊन कोहळा काढायचा. दुसरी बाजू उसळून विचारते, तुम्ही स्वतः काय दिलंत? ते निदान काहीतरी करताहेत ना? दोन्हीकडून चार दिवस तावातावाने बोललं जातं आणि पुढची मोठी बातमी आली की वाद विरतो. पेटीत किती जमले, ते कोणाच्या हाती पडले, कधी पडले, हे या सगळ्या गदारोळात कोणी विचारलेलं मला आठवत नाही. ज्याचं घर वाहून गेलं त्याच्या दृष्टीने विचारण्यासारखं तेवढंच होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या व्यवसायाने आपत्तीसाठी पैसे जरूर जमवावेत. उघडपणे, पाटी लावून जमवावेत. त्यातून मालकाचं नाव झालं, गिऱ्हाईक वाढलं, तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती हिशेब न देण्याला. दुकानदाराचं मन किती निर्मळ आहे याची परीक्षा घेणं आपण सोडून द्यावं आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारावं. हा प्रश्न एखाद्या जगभर पसरलेल्या संस्थेला विचारायचा तर पत्रं लिहावी लागतात, अहवाल धुंडाळावे लागतात. छोट्या व्यवसायाच्या मालकाला तो समोर उभं राहून विचारता येतो. छोट्यांनी या कामात पडावं असं मला वाटतं ते याच कारणासाठी.

आधी हेतूचा प्रश्न निकालात काढू. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हे वचन या वादात हटकून येतं. वचन खरं आहे, पण ते कोणाला लागू होतं? स्वतःच्या खिशातून देणाऱ्याला. जो शंभर लोकांकडून घेऊन पुढे पोचवतो, तो दाता नसतो, विश्वस्त असतो. दात्याने गुप्त राहावं, त्यात त्याचा मोठेपणा आहे. विश्वस्ताने गुप्तता पाळली तर त्यात कसला आला मोठेपणा? त्याने तर किती आले, किती गेले हे चारचौघांत सांगायलाच हवं. गोळा केलेल्या पैशांबाबत बोभाटा करणं हे कर्तव्य आहे. तेव्हा पाटी लावली म्हणून कोणाला नावं ठेवू नयेत. पाटी फक्त पहिल्या दिवशी लागली आणि शेवटच्या दिवशी लागली नाही, तर जरूर ठेवावीत.

खरेदीला मदतीची जोड देण्याची युक्ती आज सर्रास वापरली जाते. तिचं गाजलेलं उदाहरण १९८३ सालचं आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची दुरुस्ती करायची होती. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने जाहीर केलं, आमच्या कार्डावरच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर आम्ही या कामाला देऊ. सुमारे १७ लाख डॉलर जमले. त्या काळात कार्डाचा वापरही पाव हिश्शाहून अधिक वाढला. कंपनीचा हेतू काय होता? धंदा वाढवण्याचा, यात शंका घ्यायला जागा नाही. तरी पुतळ्याच्या दुरुस्तीला पैसे मिळाले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्यामागे नेमके किती गेले ते ठाऊक होतं. हेतूचा वाद घालायला बसलो तर तो आजही सुटणार नाही. आकडा मात्र तेव्हाही स्पष्ट होता.

तरीही जाहिरातीच्या आक्षेपात एक जहाल सत्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मालकाचं नाव होतं हा खरा धोका नाही. धोका हा की खरेदी करणाऱ्याला आपण दान केलं असं वाटू लागतं. त्याने हवी ती वस्तू घेतली, नेहमीची किंमत मोजली आणि घरी जाताना मनावरचं ओझं उतरलं. वास्तविक त्यातून आपद्‌ग्रस्तांना काय मिळालं? ‘कमाई’ हा शब्द इथे फार घात करतो. शंभराच्या विक्रीत माल, भाडं, वीज, पगार यांचे ऐंशी-नव्वद गेले तर हाती दहा-वीस उरतात. ‘आजची सगळी विक्री’ म्हणजे शंभर, ‘आजचा सगळा नफा’ म्हणजे दहा, आणि ‘आजची कमाई’ म्हणजे वाचणाऱ्याला शंभर वाटावेत व देणाऱ्याला दहा द्यावे लागावेत असा शब्द. ‘काही भाग’ हा तर त्याहून वाईट. त्यात शून्याच्या अलीकडचं काहीही बसतं. बहुतेक मालक हे शब्द फसवण्यासाठी वापरत नाहीत, घाईत सुचलं ते लिहितात, हे मी मानतो. पण संकटकाळी घाईत लिहिलेल्या शब्दावरही माणसं पैसे काढून देतात. ब्रिटनमध्ये १९९२च्या कायद्याने, धर्मादाय कामाच्या नावावर विक्री करणाऱ्याने त्या कामाला किती जाणार हे गिऱ्हाइकाला सांगणं बंधनकारक केलं. कायदा असो वा नसो, ‘शंभरामागे दहा’ असं लिहायला पाटीवर जागा किती लागते?

दुसरा आक्षेप हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा. पैसे गिऱ्हाइकांचे आणि नाव मालकाचं. हा आक्षेप बऱ्याचदा रास्त असतो आणि त्याचं उत्तरही हिशेबातच आहे. अशा उपक्रमात तीन वेगवेगळे पैसे एका पेटीत पडतात. गिऱ्हाइकाने वरून दिलेले, मालकाने नफ्यातून काढलेले आणि कामगारांच्या पगारातून आलेले. तिन्ही एकत्र केले की बेरीज मोठी दिसते आणि कोणी किती दिलं ते झाकलं जातं. मालकाने स्वतःचा आकडा वेगळा लिहावा, मग तो छोटा का असेना. फूल ना फुलाची पाकळी, पण ती स्वतःच्या झाडाची आहे हे दिसू दे. गिऱ्हाइकांनी दिलेल्या रकमेवर स्वतःच्या नावाने करसवलत घेणं तर सरळ सरळ लबाडी आहे.

कामगारांच्या पैशांबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही. ‘आमच्या सर्व कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा पगार दिला’ हे वाक्य वाचून आपल्याला भरून येतं. चार-पाच माणसांच्या व्यवसायात हे कसं घडतं ते डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी मालक सगळ्यांना जवळ बोलावतो आणि म्हणतो, आपण सगळ्यांनी एकेक दिवस द्यायचा का? ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचं भाडं थकलं आहे, तो काय म्हणेल? मोठ्या कारखान्यात नाही म्हणणारा गर्दीत लपतो. इथे तो मालकाच्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि उद्या सकाळी त्याच मालकाकडे त्याला कामावर यायचं असतं. त्याची मान हलते, पण त्या मान हलवण्याला संमती म्हणता येत नाही. संकटात सापडलेल्यांसाठी जमवलेला पैसा दुसऱ्या अडलेल्या माणसाच्या गळ्याशी येऊन काढलेला असू नये. मालकाने आपला हिस्सा टाकावा आणि कामगारांपुढे हा विषय काढूच नये. ज्याला द्यायचं आहे तो पेटीची फट आपली आपण शोधतो.

आता तिसरा आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम. मदतकार्य हे जाणकारांचं काम आहे, हजार ठिकाणी हजार पेट्या ठेवून होत नाही. विखुरलेली मदत जिथे कॅमेरे आहेत तिथे जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर जगभरातून पैशांचा इतका ओघ सुरू झाला की जानेवारी २००५च्या सुरुवातीलाच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने जाहीर केलं, त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले आहेत, या कामासाठी आता पाठवू नका. जे आले होते ते अन्य संकटांसाठी वापरण्याची परवानगी तिने देणगीदारांकडे मागितली आणि बहुतेकांनी ती दिली. त्याच काळात ज्या आपत्तींचं चित्रण कोणी केलं नाही, तिथली माणसं मदतीची वाट बघत होती. छोट्या दुकानदाराला हे सगळं कुठून कळणार? त्याने आपली उठाठेव न करता गिऱ्हाइकांना थेट एखाद्या जाणत्या संस्थेकडे का पाठवू नये?

यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. छोट्या व्यवसायाने स्वतः मदत वाटायला जाऊ नये. त्याने पैसे जमवावेत आणि जाणत्या हाती सोपवावेत. पण उरलेलं अर्धं चुकतं, कारण पैसे कसे निघतात याचा त्यात विचार नाही. लांबच्या संस्थेचं आवाहन माणूस वाचतो, हळहळतो आणि नंतर पाठवू म्हणतो. रोज ज्याच्याशी दोन शब्द बोलणं होतं, त्याने समोरून सांगितलं की हात खिशात जातो. हा ओळखीचा भरवसा कुठल्याही मोठ्या संस्थेला विकत घेता येत नाही. १७ जानेवारी १९९५ला जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. ६,४०० च्या आसपास माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं होतं. सरकारी पथकं पोचायला वेळ लागला. कोणाच्या घरात कोण कुठे झोपतं हे शेजाऱ्याला ठाऊक होतं. पुढच्या काळात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे राबले आणि १९९८मध्ये जपानला छोट्या स्वयंसेवी संस्थांना मान्यता देणारा नवा कायदा करावा लागला. जवळच्या ओळखीची ही ताकद जीव वाचवताना चालते, मग पैसे उभे करताना आपण ती कमी का लेखावी? मदतकार्यातल्या मोठ्या संस्थांनी आणि देणगीदार देशांनीही २०१६मध्ये कबूल केलं होतं की २०२०पर्यंत मदतीच्या पैशांचा किमान चौथा हिस्सा शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांकडे जाईल. ते गाठलं गेलं नाही. म्हणजे स्थानिक हात लागतात हे जाणकारांना पटलेलं आहे. फक्त पैसे तिथवर झिरपत नाहीत.

आणि ज्या एका गोष्टीत छोटा व्यावसायिक जाणकारांच्याही पुढे असू शकतो ती म्हणजे माल पाठवावा की पैसे, हा प्रश्न. आपत्ती आली की लोक कपाटं रिकामी करतात. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, आणि इंडोनेशियातल्या आचे प्रांतात कोणी न मागितलेली, परक्या भाषेतल्या चिठ्ठ्या लावलेली औषधं साठली. ती नष्ट करायलाही पुन्हा खर्च. हे निदान डोळ्यांना दिसतं. दुसरं नुकसान दिसत नाही. जिथे आपत्ती आली तिथेही दुकानं होती. पाणी ओसरल्यावर तिथल्या दुकानदाराने चिखल उपसला, उसनवारी करून थोडा माल भरला आणि दार उघडलं. समोरच्या मैदानात तोच माल ट्रकमधून फुकट वाटला जातो आहे. त्याच्याकडून कोण घेईल? फुकट माल पहिल्या काही दिवसांत जीव वाचवतो, याबद्दल वाद नाही. पण तो महिनाभर येत राहिला तर पुराने जे दुकान बुडालं नाही ते मदतीने बुडतं. उधारी, साठा, खेळतं भांडवल हे शब्द ज्याच्या रोजच्या जगण्यातले आहेत, त्याला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. त्याने गिऱ्हाइकांना सांगावं, कपडे आणू नका, वस्तू आणू नका, पैसे द्या. ते तिथे पोचतील, तिथेच खर्च होतील आणि तिथला गल्ला पुन्हा वाजेल. एका दुकानदाराने दुसऱ्या दुकानदारासाठी करण्यासारखं याहून मोठं काय आहे?

चौथा आक्षेप राजकीय आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. लोक पेट्या भरत राहिले तर ज्यांची जबाबदारी आहे ते सुटतात. इतिहासात याला पुरावे आहेत. ३१ मे १८८९ला अमेरिकेतल्या जॉन्सटाउन गावावर वरच्या अंगाचं धरण फुटून लोंढा आला आणि २,२०९ माणसं मेली. धरण धनाढ्यांच्या एका क्लबच्या ताब्यात होतं. क्लबने धरणाचा माथा कमी केला होता, आणि तळ्यातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या. कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती त्याचे सभासद. दुर्घटनेनंतर क्लबने हजार ब्लँकेटं पाठवली, काही सभासदांनी देणग्या दिल्या, कार्नेगींनी ग्रंथालय पुन्हा बांधून दिलं. न्यायालयात मात्र क्लबवर जबाबदारी कधीच बसली नाही. दुसरं उदाहरण याहून बोचणारं. २१ ऑक्टोबर १९६६ला वेल्समधल्या एबरफॅन गावातल्या शाळेवर कोळशाच्या खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरला. १४४ बळी, त्यांत ११६ मुलं. सामान्य माणसांनी साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास निधी उभा केला. चौकशीने दोष सरकारी कोळसा मंडळाचा ठरवला. तरीही गावाच्या डोक्यावर उरलेले ढिगारे हटवण्यासाठी १९६८मध्ये याच निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. मेलेल्या मुलांच्या नावाने लोकांनी दिलेले पैसे, ज्यांनी मारलं त्यांच्या कचऱ्याच्या सफाईला! ते परत मिळाले १९९७मध्ये, तेही बिनव्याजी.

या दोन घटना वाचून, पेट्या नकोतच, असा निष्कर्ष काढणारे माझे स्नेही आहेत. मला त्यांचा निष्कर्ष उलटा वाटतो. एबरफॅनमध्ये लोकांनी पैसे दिले ही चूक नव्हती. निधीवर दबाव आला तेव्हा तो झुगारण्याइतकं बळ विश्वस्तांच्या मागे उभं राहिलं नाही, ही चूक होती. आणि पैसे परत मिळाले ते तरी कशामुळे? रक्कम, तारीख, कारण, सगळं कागदावर होतं. तीस वर्षांनीही बोट ठेवून दाखवता आलं. कागद नसता तर मागणार काय होते? शिवाय सरकारने हात वर केले म्हणून पुरात बसलेल्या कुटुंबाला, जबाबदारी निश्चित होईपर्यंत थांबा, असं सांगता येत नाही. मदत द्यावी आणि जाबही विचारावा. ज्या गिऱ्हाइकाला छोट्या पेटीचा हिशेब मागायची सवय लागली, तो मोठ्या तिजोरीचा हिशेब मागायला कचरणार नाही, असा माझा विश्वास आहे. ज्याला पेटीत टाकून विसरायची सवय लागली, तो कर भरूनही विसरतो.

हिशेबाचा कडकपणा म्हणजे काय, याचं माझं आवडतं उदाहरण बिहारचं आहे. १५ जानेवारी १९३४च्या भूकंपानंतर राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटून मदतकार्याला लागले, बिहार सेंट्रल रिलीफ कमिटी उभी राहिली आणि देशभरातून पैसा आला. हिशेबाची जबाबदारी गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे होती. कमिटीच्या कामासाठी गांधीजी आणि त्यांच्यासोबतची मंडळी आली, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना कळवलं की यांच्या जेवणाचा आणि पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही. गांधीजींनी कारण विचारलं. हा पैसा लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे, एवढंच कुमारप्पांचं उत्तर होतं, आणि गांधीजींनी ते मानलं. विचार करा, ज्यांच्या एका शब्दावर लोक पैसे देत होते त्यांनाच त्या पैशांतून जेवण नाही. आज किती मदतनिधींतून बॅनरचा खर्च, फोटोचा खर्च, धनादेश देण्याच्या समारंभाचा खर्च आधी वळता होतो? हे खर्च मालकाने खुशाल करावेत, पण स्वतःच्या खिशातून. पेटीतलं पेटीबाहेर जाईल ते फक्त एकाच दिशेला.

नुसती नियत चांगली असून भागत नाही, कागद आधी करावे लागतात, हे १९७१ने शिकवलं. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा जलसा केला. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकेतून त्याहून कितीतरी मोठी रक्कम आली, पण मान्यताप्राप्त संस्थेशी आधीच नीट करार झाला नसल्याने करखात्याने हरकत घेतली आणि पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले. निर्वासितांची भूक तेवढा काळ थांबली नव्हती. एवढ्या नामवंतांचं हे होतं, तर पेटी ठेवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ‘आता हे द्यायचे कोणाला’ असा विचार करणाऱ्याचं काय होईल? तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार टाळता येतो. पाटी रंगवण्याआधी एक फोन करायचा, संस्था ठरवायची, तिचं नाव आणि पैसे देण्याची तारीख पाटीवरच लिहायची.

पेटी उघडण्याची वेळ कशी असावी, तेही सांगतो. दुकान मिटल्यावर मालकाने एकट्याने आतल्या खोलीत उघडू नये. दोन गिऱ्हाइकांना थांबायला सांगावं, त्यातला एक शक्यतो खवट असावा. कुलूप त्यांच्यासमोर निघावं. किल्ली इतके दिवस त्यांच्यापैकीच एकाकडे असेल तर फारच उत्तम. पेटी उलटी केली की आधी घड्या घातलेल्या नोटा पडतात, मग तळाला चिकटलेली नाणी ठोकून काढावी लागतात. एखादी नोट इतकी बारीक दुमडलेली असते की ती उलगडायला नख लागतं. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावायच्या, मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचा, मग अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. तिघांच्या सह्या झाल्या की तो कागद पेटी होती त्याच जागी लावायचा, आणि पैसे पोचल्यावर पावती त्याच्या शेजारी. फोनवरून थेट आलेले पैसेही त्याच कागदावर, वेगळ्या ओळीत. सगळं मिळून तासाभराचं काम. यात न जमण्यासारखं काय आहे?

इतका काच लावला तर पुढे कोण येईल, असं मला ऐकवलं जातं. जो रोज रात्री पै-पैचा मेळ घातल्याशिवाय झोपत नाही, त्याला याच पैशांचा मेळ घालणं जड का जावं? आणि रक्कम छोटी आहे ही सबब तर मला मुळीच पटत नाही. १८४७मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी समाजाने आयर्लंडमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी १७० डॉलर पाठवले. या लोकांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकावून लावल्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती; वाटेत त्यांची हजारो माणसं भूक-थंडीने मेली होती. आयर्लंडच्या दुष्काळापुढे १७० डॉलर म्हणजे काहीच नव्हते. पण ते आकड्यासकट नोंदले गेले, म्हणून लक्षात राहिले. २०२०च्या साथीत नवाहो आणि होपी हे दोन आदिवासी समाज अडचणीत आले तेव्हा आयर्लंडमधल्या माणसांनी त्या जुन्या १७० डॉलरची आठवण सांगून त्यांना पैसे पाठवले. १७३ वर्षांनी!

एका गोष्टीकडे मात्र छोटे आणि मोठे सगळेच पाठ फिरवतात, ती म्हणजे काळ. पैसा पहिल्या पंधरवड्यात येतो आणि घरं उभी राहायला वर्षं लागतात. ६ डिसेंबर १९१७ला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा बॉस्टनहून त्याच रात्री मदतीची आगगाडी निघाली. ती आगगाडी प्रसिद्ध आहे. तितकंच महत्त्वाचं हे, की मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचं आरोग्यसेवेचं काम तिथे पुढे काही वर्षं चालू राहिलं. त्या उपकाराची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया प्रांत आजही दर हिवाळ्यात बॉस्टनला एक उंच झाड पाठवतो. छोट्या व्यवसायाचं दार वर्षभर उघडं असतं, गिऱ्हाईक तेच असतं. सहा महिन्यांनी, वर्षाने पेटी पुन्हा बाहेर काढणं त्याला सहज शक्य आहे. तेव्हा बातम्यांत त्या गावाचं नाव नसेल, पाटी बघून कोणी फोटो काढणार नाही, जमणारी रक्कमही कमी असेल. पण त्याच वेळी तिथला एखादा दुकानदार छपराचे पत्रे आणायला पैसे कुठून उभे करायचे याच्या विवंचनेत असेल. गिऱ्हाईक म्हणून आपणही त्या दिवशी आत शिरताना भिंतीवरच्या मागच्या पावतीची तारीख वाचावी, आणि पावती नसेल तर, गर्दी असली तरी, मालकाला विचारावं.